वगळलेली द्रौपदी

महाप्रस्थानाला निघालेल्या पांडवांच्या मागून एक कुत्रा चालूं लागतो, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. पांच भाऊ, सहावी द्रौपदी आणि सातवा कुत्रा. हीं सातजणें पूर्वेस निघतात, दक्षिणेकडून वळसा घेऊन पश्चिमेस येतात, समुद्रानें गिळलेली द्वारका पाहतात आणि मग उत्तरेस हिमालयाची वाट धरतात. वाटेंत पहिली पडते ती द्रौपदी. धर्मराज मागें वळून पाहत नाहीं. भीम कारण विचारतो तेव्हां, अर्जुनावर हिचा जीव अधिक होता, एवढें सांगून तो पुढें चालूं लागतो. शेवटीं उरतात तो आणि कुत्रा. पत्नी वाटेवर पडली आणि कुत्रा स्वर्गाच्या दारापर्यंत पोंचला, याबद्दल व्यासांना कोणास दोष द्यावयाचा असेल तर त्यानें तो खुशाल द्यावा. पण एक गोष्ट व्यासांनीं केली नाहीं. द्रौपदी निघालीच नव्हती, असें त्यांनीं लिहिलें नाहीं.

ती गोष्ट व्यासांहून पुष्कळच धाकट्या अशा एका ग्रंथकारानें केली, आणि वाचकांच्या दोन पिढ्यांनीं ती गोड मानून घेतली. इतकेंच नव्हे, तर ती उघडकीस आल्यावरही ‘त्यांत काय मोठेंसें?’ असें म्हणणारे विद्वान निघाले आहेत. या लेखाचें भांडण ग्रंथकाराशीं थोडें आणि या विद्वानांशीं अधिक आहे. माझें स्वतःशींही थोडें आहे. पण तें पुढें येईल.

जॉन स्टाइनबेक या अमेरिकन कादंबरीकाराचें ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हें पुस्तक १९६२ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याच वर्षीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. इंग्रजी वाचणाऱ्या मराठी वाचकांस तें नवें नाहीं. १९६० च्या सप्टेंबरांत, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, मोठ्या दुखण्यांतून उठलेला हा गृहस्थ न्यूयॉर्कजवळच्या सॅग हार्बर या गांवाहून निघाला. जीएमसी कंपनीच्या मालमोटारीच्या हौद्यावर बसविलेली एक छोटी खोली हें त्याचें घर, आणि चार्ली नांवाचा म्हातारा फ्रेंच पूडल कुत्रा हा त्याचा सोबती. मोटारीला त्यानें ‘रोसिनान्टे’ हें डॉन क्विक्झोटच्या घोड्याचें नांव दिलें. वर मेन संस्थानापर्यंत जाऊन, तेथून देशाच्या उत्तरेच्या कडेनें पश्चिमेस, पॅसिफिकच्या कांठानें खालीं कॅलिफोर्नियांत आपल्या जन्मभूमीस, आणि मग टेक्सस व न्यू ऑर्लिन्सवरून घरीं, अशी सुमारें १०,००० मैलांची ही प्रदक्षिणा. एकटा माणूस, एक मुका जीव आणि अफाट देश! या चित्रानें वाचकांना वेड लावलें. ती मोटार आज सलिनास येथील स्टाइनबेक-संग्रहालयांत जपून ठेवलेली आहे आणि लोक ती भक्तिभावानें पाहून येतात.

या चित्रावर पहिला मोठा घाव घातला तो बिल स्टायगरवाल्ड या अमेरिकन वृत्तपत्रकारानें. प्रवासाला पन्नास वर्षें झालीं तेव्हां, २०१० सालीं, त्यानें त्याच वाटेनें मोटार हाकली, न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयांतलें मूळ हस्तलिखित उलगडून पाहिलें आणि स्टाइनबेकचीं पत्रें तारीखवार लावलीं. देश किती बदलला हें पाहावें, एवढाच त्याचा मूळचा हेतु होता. परंतु जमाखर्च जुळेना. त्याच्या हिशेबाप्रमाणें ७५ दिवसांच्या या प्रवासांत सुमारें ४५ दिवस स्टाइनबेकची पत्नी इलेन ही नवऱ्याजवळ होती. सिॲटल शहरीं ती येऊन मिळाली आणि तेथून किनाऱ्याकिनाऱ्यानें दोघें कॅलिफोर्नियापर्यंत बरोबर गेलीं. हस्तलिखितांत ती आहे. छापील पुस्तकाच्या त्या भागांत ती नाहीं.

आणखी एक लबाडी याच वेळीं बाहेर पडली. नॉर्थ डकोटा संस्थानाच्या पूर्वेकडे ॲलिस नांवाच्या खेड्याजवळ मुक्कामास असतां एक फिरता नट आपल्याला भेटला आणि त्याच्याशीं रंगलेलें संभाषण झालें, असें पुस्तकांत आहे. प्रत्यक्षांत त्या रात्रीं ग्रंथकार त्याच संस्थानाच्या अगदीं पश्चिम सीमेवरच्या बीच या गांवीं, एका मोटेलांत, ऊन पाण्याची सोय असलेल्या खोलींत होता. हें कशावरून कळलें? त्यानें तेथून पत्नीलाच लिहिलेल्या पत्रावरून. आणि तें पत्र जगापुढें आलें कसें? नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्रांचा जो जाडजूड संग्रह १९७५ सालीं निघाला, त्याच्या दोन संपादकांपैकीं एक इलेन स्टाइनबेक होती. जिला पुस्तकांतून काढलें तिनेंच खरा पुरावा जपून ठेवला होता. ही बाई लग्नापूर्वीं ब्रॉडवेच्या रंगभूमीवर रंगमंच-व्यवस्थापक होती, हें या संदर्भांत लक्षांत ठेवण्यासारखें आहे. विंगेत उभें राहून नट वेळेवर आंत सोडणें आणि स्वतः प्रेक्षकांच्या दृष्टीस न पडणें, हें जिचें काम, तिला नवऱ्यानें पुस्तकांतही तेंच काम दिलें.

आतां विद्वानांचें म्हणणें ऐकूं. ते म्हणतात, स्टाइनबेक हा हाडाचा कादंबरीकार. त्याच्या प्रवासवर्णनाला पंचनाम्याचा न्याय लावूं नये. पुस्तकाच्या सुवर्णमहोत्सवी आवृत्तीच्या प्रस्तावनेंतही, हें लिखाण अक्षरशः खरें धरूं नका, असा इषारा आला आहे. पन्नास वर्षें नाणें खणखणीत म्हणून चालविल्यावर, ‘तें आम्हीं कधीं चांदीचें म्हटलें होतें?’ असें विचारण्यासारखें हें आहे. पण तें असो. संभाषणें सजविणें, दोन दिवसांचा एक दिवस करणें, कंटाळवाणा मुक्काम गाळणें, इतकी सूट प्रवासलेखकाला मीही देतों. रस्त्यावरचा मनुष्य व्याकरणशुद्ध आणि अर्थगर्भ बोलत नसतो, हें कोणाला ठाऊक नाहीं? तो नट समजा भेटलाच नसेल, तरी मी तेवढ्यावरून पुस्तक मिटणार नाहीं. प्रश्न भर घालण्याचा नाहीं, काढून टाकण्याचा आहे. आणि काढलें काय तें पाहिलें पाहिजे. मुक्काम काढला नाहीं, हवा काढली नाहीं, शेजारीं बसलेलें माणूस काढलें.

गंमत अशी कीं, असें गाळणें म्हणजे काय हें स्टाइनबेकला पक्कें समजत होतें. शिकागोला पत्नी भेटावयास आली, हें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. आणि हे दिवस जगण्यांत सुखाचे असले तरी लिहिण्यांत कथेचा धागा तोडतील म्हणून वगळतों, असेंही कबूल केलें आहे. ही कबुली मला फार आवडते. ‘येथें मी कांहीं गाळीत आहें’ असें वाचकाला सांगून गाळणारा लेखक प्रामाणिक आहे. मग सिॲटलच्या पुढें हीच दोन वाक्यें लिहावयास काय हरकत होती? हरकत एवढीच, कीं शिकागोचे चार दिवस सांगून सोडतां येतात. कित्येक आठवडे सांगून सोडतां येत नाहींत. तेवढे सोडले असें सांगितलें, तर ‘एकटा माणूस’ हें चित्रच उरत नाहीं.

बरें, हा प्रमाद एकदांच घडला असता तर मीं इतका आवाज चढविला नसता. १९४० सालच्या मार्चांत हाच लेखक आपला मित्र एड रिकेट्स या प्राणिशास्त्रज्ञाबरोबर ‘वेस्टर्न फ्लायर’ नांवाच्या मच्छीमार बोटीनें माँटेरेहून कॅलिफोर्नियाच्या आखातांत गेला. सहा आठवडे समुद्रजीव गोळा करून दोघांनीं मिळून ‘सी ऑफ कॉर्टेझ’ हा ग्रंथ १९४१ सालीं काढला. त्यांत बोटीच्या कप्तानापासून खलाशांपर्यंत सर्वांचीं स्वभावचित्रें आहेत. बोटीच्या मागें बांधलेल्या होडीचें जें खोडकर यंत्र सारखें बंद पडे, त्याचेंसुद्धां आहे. त्या बोटीवर प्रवासभर आणखी एक व्यक्ति होती: स्टाइनबेकची पहिली पत्नी कॅरोल. तिचें नांव ग्रंथाच्या कथनांत नाहीं. यंत्राला जागा मिळाली, बायकोला मिळाली नाहीं! आणि ही कॅरोल कोण? ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या त्याच्या सर्वांत मोठ्या कादंबरीला नांव सुचविणारी, तिचें हस्तलिखित टंकून देणारी, जिच्या इच्छाशक्तीमुळें ती कादंबरी झाली असें अर्पणपत्रिकेंत त्यानेंच लिहून ठेवलें ती. अर्पणपत्रिका हें एक बरें ठिकाण असतें. तेथें ऋण मान्य करतां येतें, आणि आंतल्या पानांत कोणाची अडचण होत नाहीं.

दोन प्रवास, दोन बायका, वीस वर्षांचें अंतर आणि तीच कात्री. याला कलेची गरज म्हणावयाचें कीं संवय म्हणावयाचें, हें विद्वानांनीं सांगावें.

मोटारीच्या नांवाचाही थोडा विचार करूं. रोसिनान्टे हें नांव देणारा लेखक, मी शहाण्यासारखा वागणार नाहीं, अशी सूचनाच देतो, असा एक बचाव आहे. सर्वान्तिसची आठवण काढली तें बरेंच झालें. डॉन क्विक्झोट भ्रमिष्ट होता, पवनचक्क्यांना राक्षस समजत होता, सर्व खरें. पण त्याच्या बरोबर सँको पांझा होता, आणि सर्वान्तिसनें सँकोला गाळला नाहीं. गाळला असता तर ती कादंबरी चार प्रकरणांत संपली असती. धन्याच्या भ्रमाला सेवकाचें शहाणपण घांसत जातें, म्हणून तर तें पुस्तक चारशें वर्षें टिकलें. स्टाइनबेकनें घोडा घेतला आणि सँको टाकला. आणि त्याच्या जागीं बसविला कोण, तर जो कधींही उलट उत्तर देणार नाहीं असा कुत्रा.

हें मी इतक्या कडवटपणें कां लिहितों, हें सांगण्याची वेळ आतां आली.

दोन वर्षांपूर्वीं आम्ही उभयतां मुलीकडे नेब्रास्का संस्थानांतल्या लिंकन शहरीं गेलों होतों. जावयानें मोठ्या हौसेनें एक पिकअप मोटार आणि तिच्या हौद्यांत बसणारी खोली घेऊन ठेवली होती, पण त्याला रजा मिळेना. ती त्यानें आमच्या स्वाधीन केली, आणि तिच्याबरोबर घरचीं दोन कुत्रींही: बारा वर्षांचा मोत्या आणि दीड वर्षाची सोनी. पश्चिमेस जाऊन पॅसिफिक समुद्र पाहून परत यावें, असा बेत ठरला.

ज्यानें हें वाहन पाहिलें नाहीं त्याला त्याची कल्पना द्यावयास हवी, कारण माझा सारा युक्तिवाद त्या खोलीच्या मापावर उभा आहे. चालकाच्या डोक्यावर पुढें आलेला जो भाग, त्यांत बिछाना. तेथें बसतां येत नाहीं, सरपटत जावें लागतें. खालीं दोन चुलींची शेगडी, हातभर मोरी, आणि घडी घातल्याशिवाय जाण्यास वाट न देणारें मेज. एकजण उभा राहिला कीं दुसऱ्यानें बसलेंच पाहिजे. जमिनीवर जी चटईएवढी जागा उरते ती कुत्र्यांची. ही खोली मोटारीला चार साखळ्यांनीं आवळलेली असते आणि त्या ढिल्या पडल्या नाहींत ना, हें दर मुक्कामाला फिरून पाहावें लागतें. पाणी टाकींत भरून घ्यावयाचें, सांडपाणी नेमल्या जागींच ओतावयाचें. गाडी मागें घ्यावयाची तर एकानें मागें उभें राहून हात हालवावा लागतो, कारण चालकाला मागचें कांहींएक दिसत नाहीं. मोत्याला पायऱ्या चढवत नसत. त्याला रोज चार वेळां उचलून आंत ठेवावा लागे, आणि तो तीस किलोचा. अशा घरांत दोन माणसें सहा आठवडे राहिलीं, तर त्यांचें जें कांहीं होतें तें त्यांच्या लग्नांत आधींच्या तीस वर्षांत झालेलें नसतें. आमचें दोनदां असें भांडण झालें कीं कुत्रीं मेजाखालीं जाऊन बसलीं.

परत आल्यावर मीं याच मासिकांत त्या प्रवासावर एक लेख लिहिला. कांहीं वाचकांना तो स्मरत असेल. वायोमिंगचें वाळवंटी पठार, रॉलिन्सच्या आसपासचा तो भयंकर वारा, मोटार रस्त्याच्या कडेला लोटणाऱ्या त्याच्या थपडा, आणि चक्र घट्ट धरून बसलेला मी! पुढें स्वीटवॉटर नदीच्या कांठची बैलगाड्यांची जुनी वाट, आणि मग येलोस्टोनमध्यें ‘ओल्ड फेथफुल’ या ऊन पाण्याच्या फवाऱ्याचें वर्णन. त्या वर्णनाबद्दल मला तीन पत्रें आलीं. ‘प्रत्यक्ष समोर उभें केलेंत’, असें एकानें लिहिलें.

पत्नीनें तो अंक दुपारीं वाचला. संध्याकाळीं मेथी निवडतांना तिनें विचारलें, ‘‘अहो, ह्या लेखात गाडीत कोण कोण होतं?’’

मीं म्हटलें, ‘‘म्हणजे?’’

‘‘मोत्या आहे, सोनी आहे, तुम्ही आहात. मेथी कोण निवडतंय तेवढं सांगा.’’

वस्तुस्थिति अशी. लॅरमीपासून रॉलिन्सपर्यंत मोटार तिनें चालविली. वाऱ्यानें माझा धीर सुटला होता आणि मी शेजारीं बसून दाराची मूठ धरून होतों. येलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्यांना पायवाटांवर आणि लांकडी मार्गांवर मज्जाव आहे. रस्त्यापासून वा मोटारतळापासून शंभर फुटांपलीकडे त्यांना नेतां येत नाहीं. उन्हांत गाडींत कोंडून ठेवणें म्हणजे त्यांच्या जिवाशीं खेळ. तेव्हां कुत्रीं घेऊन गेलेल्या जोडप्यास तें उद्यान पाळीपाळीनेंच पाहावें लागतें: एकानें पाहावयाचें, दुसऱ्यानें साखळी धरून बसावयाचें. ‘ओल्ड फेथफुल’ पाहण्याची पहिली पाळी तिची होती. ती परत आली आणि तिनें सगळें सांगितलें: प्रथम दोनतीनदां खोटीच उसळी येते, लोक टाळ्या वाजवूं लागतात आणि ओशाळतात, मग खालून घशांत पाणी अडकल्यासारखा आवाज येतो, आणि मग तें वर चढतें आणि वारा त्याची वाफ एका अंगाला ओढून नेतो. सुमारें दीड तासानें फवारा पुन्हां उडणार होता. माझी पाळी होती. मोत्या धापा टाकीत होता, मला कंटाळा आला होता, आणि मी म्हणालों, ‘‘तुझ्याकडून ऐकलं तेवढं पुरे.’’ तें ऐकलेलें मीं ‘मीं पाहिलें’ म्हणून लिहिलें. आणि समोर उभें केल्याबद्दल जीं पत्रें आलीं तीं मीं कपाटांत ठेवलीं.

स्टाइनबेकही येलोस्टोनला गेला होता. अस्वलें पाहून चार्ली इतका पिसाळला कीं त्याला उद्यानांतून मागें फिरावें लागलें, अशी हकीकत पुस्तकांत आहे आणि ती बहारीची आहे. तेथें तो खरोखरच एकटा होता, म्हणून ती हकीकत त्याची स्वतःची आहे. त्याच्या कॅलिफोर्नियाच्या पानांकडे मात्र मला आतां निराळ्या डोळ्यांनीं पाहावें लागतें. तांबड्या लांकडाच्या त्या प्रचंड वृक्षांखालीं जें कांहीं वाटलें, त्यांतलें कोणाला काय वाटलें? कोणतें वाक्य शेजारच्या बैठकीवरून आलें? दोघांच्या प्रवासांत पाहणें हें अर्धेंअधिक सांगण्यांतूनच होत असतें. ‘तें बघ’ असें एकानें म्हटल्याशिवाय दुसऱ्याची मान वळत नाहीं. अशा प्रवासाचें ‘मी’नें लिहिलेलें वर्णन हें बहुधा दुसऱ्याच्या मालावर स्वतःची मोहर असतें. विद्वान ज्याला ‘कथेची एकसूत्रता’ म्हणतात तिला घरांत आम्ही दुसऱ्या शब्दानें ओळखतों.

यावर एक सूक्ष्म उत्तर दिलें जातें: लेखक बायकोजवळ असूनही आंतून एकटाच असतो, पुस्तकांतला एकटेपणा हें मनाचें सत्य आहे. मला हें मान्य आहे, आणि म्हणूनच मी तें स्टाइनबेकच्या विरुद्ध वापरतों. बायको हाताच्या अंतरावर असतां येणारा एकटेपणा हा किती खोल आणि किती लिहिण्यासारखा विषय आहे! साठीला टेकलेला, दुखण्यानें खचलेला, आपला देश आपल्याला ओळखूं येईनासा झाला म्हणून घाबरलेला पुरुष. शेजारीं त्याच्यावर जीव असलेली, त्याची प्रकृति डोळ्यांत तेल घालून जपणारी स्त्री. आणि दोघांमध्यें म्हातारें कुत्रें. हें पुस्तक लिहावयास स्टाइनबेकहून लायक माणूस नव्हता. त्याचा कच्चा माल हस्तलिखितांत पडलेला होता. तो फेंकून त्यानें रानांत एकटें फिरणाऱ्या पुरुषाची स्वस्त मूर्ति घडविली. नुकसान इलेनचें झालें असेल नसेल, साहित्याचें झालें.

ही मूर्ति त्या पश्चिमेच्या वाटेला शोभतही नाहीं. स्वीटवॉटरच्या कांठानें पश्चिमेस गेलेल्या बैलगाड्या म्हणजे बव्हंशीं संसारच्या संसार होते. १८३६ सालीं नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पाल्डिंग या दोन मिशनऱ्यांच्या बायका आपापल्या नवऱ्यांबरोबर साऊथ पासची खिंड ओलांडून गेल्या, आणि नार्सिसाचीं त्या वाटेवरचीं पत्रें आजही वाचावयास मिळतात. त्यांच्या मागून गेलेल्या कितीतरी स्त्रियांच्या रोजनिशा उपलब्ध आहेत. पश्चिमेचा प्रवास जोडप्यांनीं केला. एकट्या पुरुषानें तो कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत केला. आणि हें स्टाइनबेकला कोणी शिकवावयास पाहिजे होतें काय? १९३९ सालीं त्यानेंच आपल्या कादंबरींत जोड कुटुंब एका मोडक्या मोटारीवर घालून पश्चिमेस नेलें होतें, आजीपासून गरोदर मुलीपर्यंत. आणि त्यांचा कुत्रा प्रवासाच्या आरंभींच, पेट्रोल घेण्यास थांबले असतां, दुसऱ्या मोटारीखालीं सांपडून मरतो. त्या पुस्तकांत कुत्रा जातो आणि माणसें राहतात. त्या पुस्तकाची आई सर्वांचा आधार आहे. हा लेखक मोठा कां, याचें उत्तर तेथें आहे.

एवढ्या एका वगळण्यानें सबंध पुस्तक खोटें ठरतें काय? येथें मी थोडा अडखळतों. पुस्तकाच्या शेवटीं न्यू ऑर्लिन्सचा भाग आहे. १४ नोव्हेंबर १९६० रोजीं रूबी ब्रिजेस ही सहा वर्षांची काळ्या वर्णाची मुलगी संघराज्याच्या सशस्त्र अधिकाऱ्यांच्या पहाऱ्यांत गोऱ्यांच्या शाळेंत गेली. पुढें रोज सकाळीं शाळेसमोर जमून गोऱ्या बायका तिला घाणेरड्या शिव्या देत, आणि बघे त्यांना टाळ्या देत. तें दृश्य स्टाइनबेकनें लिहिलें आहे तसें क्वचितच कोणी लिहिलें असेल. तीं पानें वाचून अंगावर कांटा येतो. पण साक्षीदाराची साक्ष अखंड असते. तिच्यांत सोयीचा आणि गैरसोयीचा असे कप्पे पाडतां येत नाहींत. आपल्या मोटारींत कोण बसलें होतें हें ज्यानें लपविलें, त्याच्यावर शाळेपुढच्या गर्दीबाबत विश्वास कां ठेवावा, असें उद्यां एखादा दुष्ट मनुष्य विचारील, आणि त्या शिव्या देणाऱ्या बायकांच्या बाजूनें विचारील. सुदैवानें त्या घटनेचीं छायाचित्रें आहेत, वृत्तें आहेत, आणि स्वतः रूबी ब्रिजेसनें मोठेपणीं सर्व लिहून ठेवलें आहे. म्हणून तीं पानें उभीं आहेत. लेखकाच्या शब्दावर नव्हे, दुसऱ्यांच्या साक्षीवर उभीं आहेत. आणि ही अवस्था त्या लेखकानें आपल्या हातानें आणली आहे.

खरोखर एकट्यानें हिंडून लिहिलेलीं पुस्तकें नाहींत असें नाहीं. विल्यम लीस्ट हीट-मून यानें नोकरी गेल्यावर आणि संसार विसकटल्यावर एका जुन्या मोटारींतून लहान रस्त्यांनीं देश पालथा घातला आणि १९८२ सालीं ‘ब्लू हायवेज’ लिहिलें. तो एकटा होता आणि कां एकटा होता हें त्यानें सांगितलें. उलट बायको बरोबर असल्यास प्रवासवर्णन मिळमिळीत होतें, ही समजूत मराठी वाचकानें तरी बाळगूं नये. ‘चार्ली’च्याच सुमारास निघालेल्या पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ंतून सुनीताबाईंना काढून पाहा, म्हणजे त्या विनोदाचें किती उरतें तें कळेल. (सुनीताबाईंनीं पुढें स्वतःच्या पुस्तकांत आपली बाजू मांडली, तेव्हां आपल्याकडील कित्येकांना धक्का बसला. मला बसला नाहीं, असें म्हणण्याचा अधिकार मी या लेखांतच घालवून बसलों आहें.)

संपादकांची परवानगी घेऊन माझ्या त्या जुन्या लेखाचें शुद्धिपत्र येथें देतों. ‘मी मोटार हाकीत होतों’ या जागीं ‘ती मोटार हाकीत होती’ असें वाचावें. ‘ओल्ड फेथफुल’चें वर्णन तिचें आहे, त्यांत ‘एखाद्या महर्षीच्या उच्छ्वासाप्रमाणें’ एवढी एक उपमा माझी आहे, ती काढून टाकावी. ओरेगनच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताच्या वेळीं आपण डोळे मिटून उभे होतों असें मीं लिहिलें आहे. त्या वेळीं मी मोत्याच्या पायांतली वाळू पुशीत होतों, आणि सूर्य बुडाला तो मला पाठमोरा असतां. ‘‘बुडला बरं का,’’ असें तिनें सांगितलें. सोनीनें माझी टोपी खाल्ली असें लेखांत आहे, तें बरोबर आहे.